गाईला लंपी झाली आणि रतीब तुटला. लोकांना काय सांगू?

माणदेशची_लेक (आटपाडी)
नमस्कार. आमच्या दावणीला एक जर्सी, दोन म्हशी आणि एक खिल्लार पाडी. परवा पहाटे जर्सीची धार काढायला बसले, तर मानेखाली हाताला गाठ लागली. सुपारीएवढी, टणक, बोटानं सरकवली की कातडीसकट सरकायची. दुपारपर्यंत पाठीवर आणि कासेजवळ सात-आठ झाल्या. अंग तापलेलं, कडबा समोर तसाच. डॉक्टरांनी लंपी सांगितली, इंजेक्शनं चालू केली.

गाईचं मी बघतेय. घोर दुसराच आहे. आमच्याकडून दहा घरांना रतीब जातो. गावात कळलं तशी सहा घरं बंद झाली, म्हशीचं दूधसुद्धा नको म्हणाले. शेजारच्या वहिनींनी काल तांब्या दारातूनच परत दिला. त्यांची थोरली माझ्याच हातच्या दुधावर वाढलीय. आता धाकटं दीड वर्षाचं आहे, त्यांची भीती मला कळते. पण याच पैशातून पोराची फी जाते. लंपी माणसाला होत नाही, हे मी छातीठोक सांगू का?

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक (सातारा)
ताई, छातीठोक सांगा. लंपी गाई-म्हशींचा आजार, माणसाला होत नाही. त्याचा विषाणू शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या भावकीतला. म्हणून तर 2022 साली साथ आली तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस आपण गाईंना टोचली. माश्या, डास, गोचीड तो पसरवतात. पाडी लांब बांधा, गोठ्यात सांजच्याला कडुनिंबाचा धूर करा.

एक मात्र पाळा. जर्सीला औषध चालू आहे तोवर तिचं दूध रतिबात घालू नका, औषधाचा अंश दुधात उतरतो. किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारा आणि लोकांनाही तसंच सांगा. म्हशीचं दूध उकळून खुशाल प्यावं.

माझे आजोबा बुळकांडीचं, म्हणजे गुरांच्या जुन्या साथीच्या रोगाचं सांगायचे. तीही माणसाला होत नव्हती. पण एका पावसाळ्यात आमची सगळी दावण रिकामी झाली आणि आजोबांनी धाकट्या भावाबरोबर खांद्यावर जू घेऊन पाभर ओढली. आजीचे डाग त्याच वर्षी सावकाराकडे गेले, ते परत आले नाहीत. त्या रोगाची लस मी गावोगाव फिरून टोचलीय. 2006 साली भारत त्यातून मुक्त झाला, 2011 साली सगळं जग. देवीनंतर माणसानं समूळ घालवलेला हा दुसराच रोग. तुमचा घोर म्हणूनच मला परका वाटत नाही.

टोमॅटोवाला (फलटण)
ताई, आम्ही हे 2020 च्या मे महिन्यात भोगलंय. लॉकडाऊन, त्यात टोमॅटो एकसारखा पिकेना. एकाच फळावर लाल, पिवळे, हिरवट चट्टे. लोक त्याला तिरंगा म्हणायचे. नुकसान होतंच, पण एका वाहिनीनं हा रोग कोरोनापेक्षा भयंकर असल्याचं सांगितलं आणि धडधाकट मालालाही गिऱ्हाईक राहिलं नाही. व्यापारी फोनवर भाव नंतर विचारायचा, आधी "त्यातला नाही ना?"

झाडाचा विषाणू माणसाला लागत नाही. उलट माणूसच तो झाडाला लावतो. विषाणू ही चीज शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली तीच मुळी तंबाखूच्या रोगट पानांवरून, 1892 ते 1898 च्या दरम्यान. तंबाखू मळलेल्या हातातून तो टोमॅटोच्या रोपाला जातो, म्हणून माझ्या रोपवाटिकेत साबणानं हात धुतल्याशिवाय ट्रेला हात नाही.

मी तेव्हा वेशीजवळ क्रेट मांडून बसायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर स्वतः टोमॅटो खायचो. सांगून ऐकत नाहीत, बघून ऐकतात.

जतकर
वरचं सगळं बरोबर, पण ते लंपीपुरतं. सगळ्या आजारांना तोच न्याय लावू नका. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेला चुकूनही हात लावायचा नाही.

माणदेशची_लेक (आटपाडी)
सगळ्यांचे आभार. काल म्हशीचं दूध घेऊन वहिनींकडे गेले. त्यांच्याच पातेल्यात, त्यांच्याच गॅसवर तीन उकळ्या दिल्या आणि आधी मी प्याले. जर्सीचं दूध वेगळं काढते, ते कुणालाच देत नाही, हेही सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, उद्यापासून अर्धा लिटर टाक. बाकी पाच घरं अजून बंदच आहेत, आज दोघींकडे जाणार.

पाडीच्या अंगावरून रोज दोनदा हात फिरवते, अजून गाठ नाही. जर्सीनं सकाळी चार कांड्या कडवळ खाल्लं.