'ब्यूटी अँड द बीस्ट'वर किशोर-कादंबरी : मधला भाग पडतोय

पारिजात_क :
'ब्यूटी अँड द बीस्ट'च्या कथेवर (शापाने पशू, म्हणजे बीस्ट, झालेला राजपुत्र आणि त्याच्या वाड्यात राहायला गेलेली मुलगी, ही जुनी फ्रेंच परीकथा) फँटसी कादंबरी लिहायला घेतली आहे. वाचक 14 ते 18 वयाचे. आराखडा 60 हजार शब्द, 24 प्रकरणं. जहाजं बुडणं, गुलाब, मुलीचं वाड्यावर जाणं हे पाच प्रकरणांत बसतं, शेवट चारांत. मधली पंधरा प्रकरणं वाड्यात जातात आणि तिथे जेवण, गप्पा, बाग याखेरीज काही घडत नाही. शिवाय कैदेत असलेली मुलगी प्रेमात पडते, हे आजच्या मुलींना पटेल असं कसं लिहायचं? मूळ पाठ कुठला धरू? डिस्नेच्या चित्रपटातलं काय वापरलं तर चालेल?

जुनी_पोथी :
तुमच्या हातात बहुधा बोमाँ बाईंचा 1756चा पाठ आहे. तो मुलींच्या शिक्षणासाठी छाटलेला, म्हणून मध्य रिकामा. त्याआधीचा, 1740 मधला व्हिलनव्ह बाईंचा पाठ धरा. तो कादंबरीएवढा ऐसपैस आहे.

त्यात वाड्यात पोपट आणि माकडं नायिकेच्या दिमतीला असतात, खिडक्यांतून दूरची नाटकं दिसतात. बीस्टला हत्तीसारखी सोंड आणि अंगावर खवले, चालताना त्यांचा खणखणाट होतो. नायिकेला रोज स्वप्नात एक देखणा राजपुत्र भेटतो आणि ती त्याच्यावर जीव टाकते. तो आणि बीस्ट एकच, हे तिला ठाऊक नाही. मधल्या प्रकरणांचा ताण इथेच आहे.

शापही नीट बघा. राजपुत्राची आई लढाईवर असते, तो एका म्हाताऱ्या परीकडे वाढतो. मोठा झाल्यावर तीच त्याच्याशी लग्न करू बघते. तो नाही म्हणतो म्हणून शाप. आणि नुसता कुरूप चेहरा नाही, त्याने मंदबुद्धी दिसायचं, हुशारी दाखवायची नाही, हीही अट. ही अट अजिबात सोडू नका. मनातलं बोलता न येणारा नायक म्हटल्यावर प्रत्येक संवादाला आपोआप खालचा थर मिळतो.

या पाठाचा एकच मोठा दोष आहे. शाप सुटल्यावर खुलासे सुरू होतात ते पानंच्या पानं संपत नाहीत. ते फोडून सहाव्या ते अठराव्या प्रकरणात पेरा.

तिरपी_मात्रा :
कैदेबद्दल. बोमाँच्या पाठात मुलगी बापाऐवजी स्वतः हट्टाने जाते, वाड्यात तिच्या नावाची खोली असते आणि 'इथली मालकीण तू' असं तिला लिहून दिलेलं असतं. ही मालकी नुसती कागदावर ठेवू नका. सातव्या-आठव्या प्रकरणात तिला असा एक हुकूम देऊ द्या, जो पाळताना बीस्टचं खरंखुरं नुकसान होईल.

दुसरं, माहेरी जाण्याचा प्रसंग शेवटाकडून उचलून बाराव्या-तेराव्या प्रकरणात आणा. बोमाँच्या पाठात एक आठवड्याची मुदत आणि परतण्यासाठी अंगठी आहे. बहिणी केस उपटून दुःखाचं नाटक करतात आणि तिला अडकवतात. अर्ध्यावर दार उघडलं की पुढचं राहणं तिच्या निवडीचं ठरतं. मात्र तिने परतावं ते दयेपोटी नको. शापाचा एखादा धागा माहेरी हाती लागला म्हणून परतू दे.

मूळ कथेत बीस्ट नायिकेला रोज 'माझ्याशी लग्न करशील का?' असं विचारतो. हा प्रश्न कादंबरीत चार वेळाच विचारा. दर नकाराने काहीतरी बदललंच पाहिजे : एखादी खोली बंद होते, एखादं स्वप्न थांबतं. तोच प्रश्न तसाच दहा वेळा आला की वाचक पानं गाळतो.

शापाची मुदतही सांभाळा. बीस्ट शंभर वर्षं शापित आणि नायिका सतराची असेल, तर वयाचा प्रश्न येणारच. दोन-तीन वर्षं पुरेत.

कलम_वही :
हक्कांचं सांगते. व्हिलनव्ह 1755 मध्ये गेल्या, बोमाँ 1780 मध्ये. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणून दोन्ही मूळ फ्रेंच पाठ मोकळे. पण अलीकडचा इंग्रजी अनुवाद समोर ठेवून लिहिलंत तर सावध राहा, अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. त्याची वाक्यं उचलू नका.

डिस्नेच्या 1991च्या चित्रपटातला गॅस्टन (नायिकेमागे लागलेला शिकारी), बोलकं घड्याळ आणि मेणबत्तीदाणी, काचेखालचा पाकळ्या गाळणारा गुलाब यांना हात लावू नका. बोमाँकडे गुलाब फक्त तोडला जातो, तो मुदत मोजत नाही. नायिकेवर डोळा असलेला दुसरा तरुण मात्र चालेल, तसा एक दिग्दर्शक कॉक्तोच्या याच कथेवरच्या 1946च्या फ्रेंच चित्रपटातही आहे. त्याला शिकारी, गावचा लाडका आणि आरशात रमणारा केलात की लोक लगेच ओळखतील.

पारिजात_क :
स्वप्नांचा धागा घेतेच. बहिणींचं काय करू? व्हिलनव्हकडे सहा मुली आणि सहा मुलगे आहेत!

तिरपी_मात्रा :
दोन बहिणी आणि एक भाऊ ठेवा. बोमाँकडे बहिणी शेवटी पुतळे होतात, शुद्धीवर राहून बहिणीचं सुख बघत उभ्या. मला ती शिक्षा फार क्रूर वाटते, पण फँटसीसाठी ती खाण आहे. एकीला तिसऱ्या प्रकरणातच खरं कारण द्या, म्हणजे बापाच्या कर्जापायी तिचं ठरलेलं लग्न मोडलेलं असू दे, आणि पुतळा तिचाच करा. दुसरीने तो सोडवायचा की नाही, यावर तेविसावं प्रकरण उभं राहील.