मदत हवी आहे: अर्धवट वितळलेलं चिकन परत गोठवायचं का?

काल रात्री फ्रीजरचं दार नीट लागलं नाही. सकाळी पाहते तर पिशवीतून गुलाबी पाणी ओघळत थेट खालच्या भाजीच्या कप्प्यात. दोन किलो कच्चं चिकन आहे. मधले तुकडे अजून दगडासारखे, बर्फाचे कण दिसतायत. कडेचे मात्र बोटाने दाबले जातात.

बर्फ शिल्लक असेल किंवा मांस ४ अंश सेल्सिअसच्या वर गेलं नसेल तर परत गोठवता येतं, एवढं माहीत आहे. पण घरात थर्मामीटर नाही, आणि वासावर माझा भरवसा नाही. साल्मोनेलासारखे आजार पसरवणारे जिवाणू काही वास देऊन येत नाहीत! मग मऊ तुकडे सरळ टाकून देऊ का? की ते शिजवले तर चालतील? सासूबाई म्हणतात, स्वच्छ धुऊन घे. ते मी करणार नाही, शिंतोडे अख्ख्या ओट्यावर उडतात.

आणि हो, खाली काकड्या होत्या. पाणी लागलेल्या दोन फेकल्या. बाकीच्या कोरड्या वाटतायत, त्या धुऊन सोलून खाव्यात का? कप्पा साबणाने घासलाय, पण तेवढं पुरेल का? जरा लवकर सांगा, चिकन सध्या खालच्या फ्रीजमध्ये ताटात ठेवलंय.