सुपरहिरोपटांचे दुसरे भाग: कोणते दाखवू, आणि ते रंगतात कशामुळे?

कोथरूडची मावशी
दिवाळीच्या सुट्टीत भाची (१३) आणि भाचा (९) माझ्याकडे राहायला येतायत. सुपरहिरोंचे पहिले भाग दोघांचे पाहून झालेत, आता पुढचे हवेत. मला बऱ्याच दुसऱ्या भागांत नुसती तोडफोड वाढलेली दिसते. आईही आमच्यासोबत बसेल, तिला भरभर बोललेलं इंग्रजी कळत नाही. कोणते दाखवू? आणि का, तेही सांगा.

शनवारपेठी
'स्पायडर-मॅन २' (२००४, दिग्दर्शक सॅम रायमी). डोळे झाकून लावा.

पहिल्या भागात शक्ती मिळते, पोरगा ती वापरायला शिकतो. ती नवलाई दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून बरेच जण खलनायक वाढवतात, इमारती जास्त पाडतात. रायमीने पीटरचा, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडर-मॅनचा, संसार उघडून दाखवलाय. भाडं थकलंय, पिझ्झा उशिरा पोचला म्हणून नोकरी गेलीय, अभ्यास बुडतोय, आवडत्या मेरी जेनच्या नाटकाला उशीर झाला म्हणून दारातूनच परत फिरावं लागतं. लोकांना वाचवायचं तर स्वतःचं काय काय सोडायचं, हा त्या सिनेमाचा खरा पेच आहे. दुसरा भाग याच्यावरच तरतो असं माझं ठाम मत आहे: नायकाकडून काहीतरी मोलाचं मागितलं गेलं पाहिजे.

खलनायकही तसाच. आल्फ्रेड मोलिनाचा डॉक्टर ऑक्टोपस आधी सज्जन शास्त्रज्ञ म्हणून भेटतो, पीटर त्याच्या घरी बसून गप्पा मारतो. मग प्रयोग फसतो, त्यात त्याची बायको जाते. त्यामुळे पुढची मारामारी ओळखीच्या माणसाशी असते. आणि तो आगगाडीचा प्रसंग! गाडी थांबवून पीटर कोसळतो, मुखवटा नसतो, आणि डब्यातली माणसं त्याला हातांवर झेलून आत घेतात. माझ्या मते सुपरहिरोपटांत याच्या तोडीचं फार थोडं आहे.

सिंहगड रोड
सहमत. मोठ्यांसाठी 'द डार्क नाइट' (२००८) सुचवेन, पण ९ वर्षांच्या मुलाला नको, जोकर खरोखर भीतिदायक आहे. हीथ लेजरला त्यासाठी मरणोत्तर ऑस्कर मिळालं. तिथेही बॅटमॅन जिंकतो, पण शेवटी बदनामी स्वतःच्या माथी घेतो. अडीच तासांचा आहे, भाचीबरोबर वेगळा बघा.

चित्रपटवेडी
मुलांसाठी 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' (२०२३). भारतात तो मराठीतही डब होऊन आला होता, तो आवाज कुठे मिळतो का ते बघा, आईंची सोय होईल. मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून केलेलं मुंबॅटन शहर त्यात आहे, मुलं खूश होतील. मात्र गोष्ट अर्ध्यावर थांबते, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर रडारड.

औंधकर
मला इतकं दुःख नको वाटतं. मजा पण हवी ना? 'थॉर: रॅग्नारॉक' (२०१७) तिसरा भाग आहे, पण थॉरच्या चारही भागांत तोच सगळ्यात रंगतो.

शनवारपेठी
@औंधकर, मजा हवीच. पण त्यातही थॉरचा हातोडा सुरुवातीलाच फुटतो, केस कापले जातात, घरही जातं. हातोड्याशिवाय आपण कोण, हे त्याला शोधावं लागतं, म्हणून ते विनोद नुसते विनोद राहत नाहीत.

कोथरूडची मावशी
छान! आईसाठी हिंदीत काही?

सिंहगड रोड
'क्रिश' (२००६). 'कोई... मिल गया'चा (२००३) पुढचा भाग, दोन्ही राकेश रोशन यांचे. नातवाची शक्ती जगाला कळू नये म्हणून रेखाने केलेली आजी त्याला डोंगरात नेऊन वाढवते. तिची भीती तुमच्या आईंना लगेच पटेल.

शनवारपेठी
आणि 'स्पायडर-मॅन २' लावाल तेव्हा सुरुवातीची नावं पुढे ढकलू नका. पहिल्या भागाची गोष्ट तिथे चित्रांतून येते, तेवढ्यात आईंना कोण कोणाचा ते सांगून टाका.