दक्षिण आफ्रिका, १४ रात्री: समुद्र, द्राक्षमळे, हत्ती आणि जिराफ कसे बसवू?

अबोली:
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण दक्षिण आफ्रिकेला निघालोय: मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि माझे आई-बाबा. बाबा ७१ वर्षांचे आहेत, गुडघे कुरकुरतात. पण हत्तींचा कळप मोकळ्या रानात बघायचाय, हे मी शाळेत असल्यापासून त्यांच्या तोंडून ऐकतेय. लेकीला जिराफ हवा. नवऱ्याला वाइनचा प्रदेश बघायचाय आणि मला समुद्र. जोहान्सबर्ग २ रात्री, क्रुगर राष्ट्रीय उद्यान ३, केपटाऊन ३, वाइनसाठी स्टेलनबॉश २ आणि गार्डन रूट (दक्षिण किनाऱ्यालगतचा रस्ता) ४ असं मांडलंय. कागदावर बसतंय, पण नुसत्या बॅगा भरणं-उघडणं होईल असं वाटतं. शिवाय क्रुगरमधल्या मलेरियाची धास्ती आहे. जाऊन आलेल्यांनी सांगा, काय गाळू?

पायवाट:
अबोलीताई, क्रुगर गाळा. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण तिथल्या स्कुकुझा ते लोअर सॅबी या दोन छावण्यांमधल्या नदीकाठच्या रस्त्यासारखी सकाळ मी दुसरीकडे अनुभवलेली नाही. पण ते उद्यान जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटरचं आहे. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५०, आणि ठरलेल्या जागा सोडून गाडीतून पाय खाली टाकायचा नाही. तीन दिवसांत, त्यातही येण्याजाण्यात एक दिवस घालवून, लहान मूल आणि दुखरे गुडघे घेऊन ते अंगावर येतं.

तुमच्या बाबांना हत्ती हवेत ना? मग गार्डन रूटच्या शेवटी अॅडो आहे. १९३१ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा तिथे ११ हत्ती उरले होते, आज सहाशेच्या वर आहेत. एवढ्या थोड्या जिवांपासून सगळा वंश वाढला म्हणून तिथल्या बहुतेक माद्यांना सुळेच नाहीत, बाबांना हे बघायला सांगा. रस्त्यात हत्तीची लीद पडलेली असेल तर तिच्यावरून चाक नेऊ नका, अशा पाट्या आहेत. न उडणारे शेणकिडे त्यात असतात. माझ्या मुलाने तीन दिवस माझ्या स्टिअरिंगवर पहारा ठेवला होता! आणि मलेरियाचा प्रश्नच नाही.

आता उरलेल्या रात्री. मुंबईहून जोहान्सबर्गला उतरून तसंच विमानाने केपटाऊनला जा आणि तिथे चार रात्री द्या. टेबल माउंटनसाठी दिवस राखून ठेवू नका, पहिली निरभ्र सकाळ दिसली की निघा. आम्ही तो शेवटच्या दिवसावर टाकला आणि वाऱ्यामुळे केबल कार बंद. सासूबाई खालूनच त्या ढगाच्या चादरीकडे बघत राहिल्या, ते मला अजून लागतं. रॉबेन बेटाची बोट मात्र आधी आरक्षित करा. मंडेलांच्या २७ वर्षांच्या कैदेतली १८ वर्षं तिथली, आणि तुरुंग दाखवतात ते त्याच तुरुंगातले पूर्वीचे राजकीय कैदी. बाबांना हे नक्की भिडेल. सायमन्स टाउनजवळ बोल्डर्सला पेंग्विन लाकडी पुलावरून दिसतात, चढउतार फारसा नाही.

वाइनसाठी दोन रात्री पुरे, आणि स्टेलनबॉशऐवजी फ्रान्शूक घ्या. तिथे मळ्यामळ्यांतून वाइन ट्राम फिरते. नवऱ्याला गाडी चालवायची नाही, लेकीला ट्राम मिळते, आई-बाबांना झाडाखाली बसायला मिळतं. द्राक्षतोड फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, म्हणजे तुम्हाला नुसती कोवळी हिरवी पानं दिसतील. पिनोटाज वाइन नक्की चाखायला सांगा, पिनो न्वार आणि सँसो या द्राक्षांचा १९२५ साली स्टेलनबॉशमध्येच केलेला संकर आहे तो.

मग समुद्रकाठच्या हर्मानस गावी एक रात्र. दक्षिणी राइट व्हेल तिथे जून ते नोव्हेंबर दिसतात, तेही काठावरच्या कड्यावरून. तिथून गार्डन रूटवरच्या नाइस्नाला तीन रात्री आणि अॅडो. आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, पण अंधार पडल्यावर चालवू नका, जनावरं आणि माणसं रस्त्यावर असतात. परतीचं विमान पोर्ट एलिझाबेथहून. २०२१ पासून त्याचं नाव ग्केबेर्हा आहे, तिकीट काढताना गोंधळू नका.

रानवाट:
पायवाट यांच्याशी असहमत. ऑक्टोबरअखेर क्रुगरमध्ये पहिला पाऊस झाला नसेल तर रान सुकलेलं असतं आणि सगळं जनावर पाण्यावर येतं. गार्डन रूट सोडा, केपटाऊनहून विमानाने थेट स्कुकुझाला उतरा. रस्त्यात वेळ जात नाही. अॅडोच्या मुख्य भागात जिराफ नाही, लेकीला काय सांगणार?

पारिजात:
मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून एवढंच लिहिते. क्रुगरचा जास्त धोक्याचा काळ ऑक्टोबर ते मे. गोळ्या मुलांना वजनाप्रमाणे देता येतात, पण सहा वर्षांच्या मुलीला त्या रोज गिळायला लावणं आणि परतल्यावरही चालू ठेवणं सोपं नाही. पर्याय असेल तर मी या वयात टाळेन. आणि विमान नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे असेल तर पीतज्वराच्या लशीचा नियम आधी तपासा. लस घ्यायची ठरली तर प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी.

पायवाट:
रानवाट, जिराफाचा मुद्दा खरा आहे. अॅडोच्या आसपास जिराफ असलेली खासगी अभयारण्यं आहेत, तीही मलेरियामुक्त. अबोलीताई, अॅडोत दोन रात्री आणि अशा ठिकाणी एक. फक्त उघड्या गाडीत मुलांना किती वयापासून घेतात ते आधी विचारा, काही ठिकाणी सहा, काही ठिकाणी बारा.

अबोली:
मंडळी, ठरलं. केपटाऊन ४, फ्रान्शूक २, हर्मानस १, नाइस्ना ३, अॅडो २, जिराफासाठी १, आणि परतताना जोहान्सबर्ग १. बाबांना ११ हत्तींचं वाचून दाखवलं, त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. रानवाट, लेक मोठी झाली की क्रुगर नक्की. पायवाट, बाबांचा एक प्रश्न आहे: अंधार पडल्यावर हत्ती दिसण्याचा काही मार्ग?

पायवाट:
आहे. अॅडोच्या मुख्य छावणीलगत पाणवठा आहे, रात्री त्यावर दिवे सोडतात. मुक्काम तिथेच घ्या म्हणजे गाडी काढावी लागणार नाही, बाबा बसून बघू शकतील. स्वेटर न्या, रात्री गार होतं.