चांदीपुरा: मच्छरदाणी लावूनही भीती आहे का?

धानाचं_शेत (भंडारा): घर मातीचं, मागच्या भिंतीला लागून गोठा. आशाताई सांगून गेल्या, लेकराला जोराचा ताप आला तर रात्रीची सकाळ करू नका, चांदीपुरा नावाचा मेंदूज्वर असू शकतो. मुलगी 6 वर्षांची आहे. मच्छरदाणी रोज लावतो. तेवढ्यानं भागत नाही का?

जुना_फवारणीवाला: नाही भागत ताई. चांदीपुरा हे आपल्या नागपूरकडचंच गाव. 1965 मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संस्थेला हा विषाणू सापडला. पुढं कितीतरी वर्षं त्याला कोणी विचारलंच नाही. 2003 मध्ये आंध्रात आणि विदर्भात पटापट लेकरं दगावली, तेव्हा साऱ्यांना आठवला.

त्या सुमारास पाठीला पंप लावून मी गावोगाव फिरत होतो. लोक म्हणत, डास तर दिसत नाहीत, फवारता कशाला? अहो, हा रोग पसरवतो तो डास नाहीच. वाळूमाशी. डासाहून कितीतरी बारीक, गुणगुण नाही, साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत शिरते. उडते कमी, टुणटुण उड्याच जास्त मारते. भिंतीच्या भेगा, ओलं शेणकूट, गोठ्याचा कोपरा इथं तिची अंडी. एका घरी आजी अडून बसली, देव्हाऱ्याच्या भिंतीला औषध लावू देईना. तेवढी भिंत सोडली. अजून रुखरुख आहे.

बारीक जाळीची मच्छरदाणी घ्या, खाट भिंतीपासून सरकवा, उकिरडा लांब न्या.

बडोद्याची_सिस्टर: 2024 च्या पावसाळ्यात इकडे गुजरातेत हीच साथ होती. मुलांच्या वॉर्डात होते मी. ताप, उलट्या, झटके, मग शुद्ध जाते. कधीकधी एका दिवसात सगळं. नेमकं औषध नाही, लस नाही. झटके थांबवायचे, मेंदूची सूज उतरवायची, श्वास सांभाळायचा. अंगाऱ्यात तास घालवून आणलेलं मूल पाहिलं की हात गळतात. तापात मूल बरळलं किंवा सुस्तावलं तरी थेट मोठं हॉस्पिटल गाठा, वाटेत 108 ला फोन.

धानाचं_शेत: भेगा शेणमातीनंच लिंपतो आम्ही. चालेल?

जुना_फवारणीवाला: शेण नको, तेच तर तिला हवं असतं. सिमेंट परवडत नसेल तर चुना घालून माती भरा. गोठ्याकडची बाजू आधी.