नाशिकहून जपानला शाळेत शिकवायला: शिक्षकखोली, डबा, सामान याबद्दल नेमकी माहिती हवी

इंदिरानगरकर
नमस्कार मंडळी. जुलैअखेर जपानला निघतेय, जेट योजनेतून (परदेशी तरुणांना जपानी शाळांत नेमणारी सरकारी योजना) सहायक इंग्रजी शिक्षिका म्हणून. गाव लहान आहे. एक माध्यमिक शाळा आणि दोन प्राथमिक शाळा माझ्याकडे असतील. व्हिसा, करार झालंय. इथे कॉलेजात शिकवलंय, त्यामुळे वर्गाची फारशी धास्ती नाही, रीतीभातींची आहे. पहिल्या पंधरवड्यात काय करायचं? शाकाहारी आहे (अंडं चालतं), तर शाळेतल्या जेवणाचं काय? इथून काय न्यावं, काय नेऊ नये? "जपानी लोक फार शिस्तीचे" हे सगळेच सांगतात, त्यापुढचं सांगा.

मखमलाबाद_नाका
ताई, आधी कागदपत्रं. विमानतळावर रेसिडन्स कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, मिळेल. घर ठरल्यावर १४ दिवसांच्या आत ते कार्ड आणि पासपोर्ट घेऊन नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. पत्ता कार्डाच्या मागे छापून देतात. बँक, फोन, सगळं त्यानंतर.

आपल्याकडची गोची नावात होते. पासपोर्टावर पहिल्या नावाच्या रकान्यातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, म्हणून कार्डावर तिन्ही नावं लांबलचक छापली जातात. बँकेच्या फॉर्मवर चौकोन मोजके, आणि नाव लिहायचं काताकाना लिपीत, म्हणजे परकी नावांसाठीच्या जपानी लिपीत. एकीकडे 'कुरुकारुनी', दुसरीकडे 'कुरुकारुनीई' असा प्रकार झाला की पगार खात्यात जमा न होता परत जातो. जायच्या आधीच एक काताकाना स्पेलिंग ठरवा, कागदावर लिहून ठेवा आणि सगळीकडे तेच द्या. हान्को, म्हणजे नावाचा शिक्का, त्यावर आडनाव पुरे. शाईचा रबरी शिक्का हजेरीला चालतो, बँकेला चालेलच असं नाही.

पहिला पगार हातात येईपर्यंत महिनाभराचा खर्च रोख जवळ हवा. भाड्याच्या घरात बरेचदा छताचे दिवे, पडदे, शेगडी काहीच नसतं. आधीच्या शिक्षकाचं सामान विकत मिळतंय का, हे आत्ताच मेल करून विचारा. गॅस सुरू करायला माणूस येतो, तेव्हा तुम्ही घरी असावं लागतं, म्हणून वेळ आधी ठरवायची. शेगडी घेताना घरात पाइपचा गॅस आहे की प्रोपेन हे पाहून घ्या, दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या असतात.

आता शिक्षकखोली. तुमची पारख वर्गापेक्षा इथे जास्त होते. सगळ्यांची टेबलं एकाच मोठ्या खोलीत. शिरताना "शित्सुरेई शिमास", म्हणजे व्यत्ययाबद्दल माफ करा. सकाळी सर्वांना ऐकू जाईल असं "ओहायो गोझाइमास", म्हणजे सुप्रभात. निघताना "ओसाकी नी शित्सुरेई शिमास", म्हणजे तुमच्या आधी जातेय, माफ करा. हे न म्हणता बॅग उचलून निघालात तर कुणी काही बोलणार नाही, पण लक्षात मात्र ठेवतील. बाकीचे शिक्षक उशिरापर्यंत बसतात. तुमची वेळ संपली की तुम्ही निघायला हरकत नाही, फक्त ते वाक्य विसरू नका.

रोजच्या कामासाठी माणूस म्हणजे क्योतो-सेन्सेई, आपले उपमुख्याध्यापक. रजा, उशीर, आजारपण, सगळं आधी त्यांच्या कानावर. रजेला 'नेनक्यू' म्हणतात, ती तासांच्या हिशोबानेही मिळते. दाताच्या डॉक्टरकडे जायचं तर दोन तासांची घ्या, अख्खा दिवस वाया घालवू नका.

तुम्ही पोचाल तेव्हा उन्हाळी सुट्टी. मुलं नसतील, तुम्ही मात्र रोज टेबलावर. शाळा उघडली की सभेत मंचावरून मिनिटभर जपानीत ओळख करून द्यावी लागते. ती या दिवसांत पाठ करा.

रामकुंडावरून
जेवणाचं मी सांगतो. शाळेच्या जेवणाला 'क्यूशोकु' म्हणतात. मुलंच पांढरे झगे आणि टोप्या घालून वाढतात आणि तुम्ही वर्गात त्यांच्याबरोबर जेवता. अडचण मांसाची कमी, 'दाशी'ची जास्त. दाशी म्हणजे सुकवलेला बोनितो मासा किंवा छोटे मासे उकळून काढलेलं पाणी. मिसो सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत ते सगळ्यात असतं. त्यामुळे "मासे खात नाही" एवढं सांगून भागत नाही. "निकु मो साकाना मो दाशी मो ताबेरारेमासेन" हे वाक्य पाठ करा: मांस, मासे, दाशी, काहीच खाऊ शकत नाही. पावात चरबी आणि जेलीत जिलेटिन असू शकतं, हेही लक्षात असू द्या.

महिन्याभराचा मेन्यू छापून येतो, 'कोन्दातेह्यो'. पहिल्याच आठवड्यात त्यातले जमणारे दिवस शोधत बसू नका. सरळ डबा आणते म्हणून सांगा. क्यूशोकु मध्येच बंद-चालू केलं की स्वयंपाकघराचा आणि पैशांचा हिशोब कोलमडतो. डबा खातानाही "इतादाकिमास" (जेवण सुरू करतानाचं कृतज्ञतेचं वाक्य) मुलांबरोबरच म्हणायचं, आधी घास घ्यायचा नाही.

सामान: मिक्सर नेऊ नका. तिथे १०० व्होल्ट, आपला २३० चा, नुसता घुरघुरेल. कुकर न्या, पण शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा चालत नाही, इंडक्शनचा स्टीलचा घ्या. वर एक जादा गॅस्केट. गोडा मसाला दुकानातला सीलबंद. कडीपत्ता, द्राक्षं, अख्खी कडधान्यं, बिया पेटीत टाकू नका, वनस्पती तपासणीत अडवतात. डाळ तिथे भारतीय किराण्याकडून ऑनलाइन मिळते.

औषधांकडे नीट बघा. सर्दीच्या गोळीत स्युडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर ती तिथे बंदी असलेल्यांत मोडते. डॉक्टरांनी लिहिलेली औषधं एक महिन्यापुरतीच, त्याहून जास्त न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते.

कॉलेजरोड_चहा
वर्गाची धास्ती नाही म्हणालात, तरी दोन-तीन गोष्टी.

वही तपासताना बरोबर उत्तरापुढे ✓ करू नका. तिथे ✓ म्हणजे चूक. बरोबरला गोल. पूर्ण वही ✓ खुणांनी भरलीत तर मुलगा घरी जाऊन रडेल. लाल शाईने नाव लिहीत नाहीत.

आपली ती बाजूला मान डोलवायची सवय सोडा, त्यांना ती "नाही" किंवा "बघू" वाटते. सरळ खाली-वर मान हलवा. बोलवायचं असेल तर तळवा खाली करून बोटं हलवा.

एकाला उभं करून प्रश्न विचारला की वर्ग गप्प होतो. आधी शेजाऱ्याशी तीस सेकंद बोलू द्या, मग विचारा. तास प्राथमिकला ४५ मिनिटांचा, माध्यमिकला ५०. जपानी शिक्षकाशी तासाआधी पाच मिनिटं बोलून कोण काय करणार ते ठरवलं नाही तर तुम्ही नुसतं वाचून दाखवायचं यंत्र होता.

भूकंपाच्या सरावात चार अक्षरं लक्षात ठेवा: ओ-हा-शि-मो. ढकलू नका, धावू नका, बोलू नका, परत फिरू नका. मुलांना पाठ असतं, शिक्षिकेला नसलं तर बरं दिसत नाही.

आणि एक खुशखबर. 'त्सु' म्हणताना हिंदीवाले अडतात, आपल्याला 'चूक', 'चमचा' मधला च आहेच. तोच उच्चार. क्रियापद शेवटी आणि विभक्तीसारखे प्रत्यय, हेही मराठीचंच.

इंदिरानगरकर
✓ चं माहीत नव्हतं, वाचले! कचऱ्याचं काय? आणि शिक्षकखोलीत द्यायला नाशिकचा चिवडा नेऊ का?

मखमलाबाद_नाका
घंटागाडी नाही तिथे, घंटा ऐकून धावत जाणंही नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पिशवीत, सकाळी आठ-साडेआठच्या आत ठरलेल्या जागी. आदल्या रात्री ठेवलं तर कावळे फाडतात. बाटलीचं टोपण आणि लेबल वेगळं, दुधाचं खोकं धुऊन, कापून, सपाट वाळवून. चुकलं की पिशवीला चिठ्ठी चिकटवून तिथेच सोडतात आणि शेजारी बघतात. पहिल्या आठवड्यात नगरपालिकेचं वेळापत्रक फ्रिजवर लावा.

रामकुंडावरून
चिवडा नको. एका ताटात हात घालून खायची तिथे रीत नाही आणि टेबलावर चुरा पडतो. प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळलेला हवा, म्हणून सोनपापडीची छोटी पाकिटं किंवा चिक्की. उन्हात वितळणारं काही नको. शिक्षकांशिवाय कार्यालय, स्वयंपाकघर, शिपाई धरून डोकी क्योतो-सेन्सेईंना विचारून मोजा, वर पाच-सहा जास्तीची. तीनही शाळांत वेगळं. मुलांना काही देऊ नका, ॲलर्जीच्या बाबतीत शाळा फार कडक असते. शेंगदाण्याची चिक्की असेल तर पाकिटांजवळ 'राक्कासेई' लिहिलेली चिठ्ठी ठेवा, म्हणजे भुईमूग.