‘कशामुळे झाला हो?’ : मेंदूच्या गाठीची जनुकं तपासून नक्की काय मिळतं?

सूक्ष्मदर्शी :
पॅथॉलॉजीत बावीस वर्षं झाली. मेंदूच्या गाठीचा रिपोर्ट न्यायला आलेला माणूस ग्रेड, म्हणजे गाठ किती आक्रमक ते, विचारायच्या आधी हेच विचारतो, ‘कशामुळे झाला हो?’ मोबाइल, टेन्शन, लहानपणी डोक्यात बसलेला चेंडू, भाजीवरची फवारणी... यादी त्याच्याकडे तयार असते. माझ्याकडे उत्तर नसतं.

त्याचं एक कारण आपल्या मोजण्यात आहे. ‘ताप कशामुळे येतो’ असं विचारलं तर मलेरिया, टायफॉइड, डेंगी सगळं एका पोत्यात जातं. ‘ब्रेन ट्यूमर’ हेही तसंच पोतं. २००८ मध्ये मेंदूच्या एका आक्रमक कॅन्सरच्या, ग्लिओब्लास्टोमाच्या काही गाठींत आयडीएच१ या जनुकातला बदल सापडला आणि काचेखाली सारख्या दिसणाऱ्या गाठी मुळात निराळ्या असल्याचं कळलं. बदल असलेल्या बहुतेक तिशी-चाळिशीत होतात आणि सावकाश वाढतात. नसलेल्या बहुतेक साठीच्या आसपास होतात आणि धावत सुटतात. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार प्रौढांत तो बदल असलेल्या गाठीला आता ग्लिओब्लास्टोमा म्हणायचंच नाही.

पोतं सोडलं की कारणंही दिसू लागतात. आठव्या गुणसूत्रावर एक जन्मजात फरक आहे. सगळे ग्लिओमा (मेंदूच्या आधारपेशींच्या गाठी, ग्लिओब्लास्टोमा त्यातलाच) एकत्र धरले तर त्याचा परिणाम फिका पडतो. आयडीएचबदल असलेल्या आणि ऑलिगोडेंड्रोग्लिओमा या प्रकारच्या गाठी वेगळ्या काढल्या तेव्हा २०१२ मध्ये दिसलं की तो फरक असणाऱ्यांना त्यांचा धोका सुमारे सहापट आहे.

म्हणून म्हणतो, प्रत्येक गाठीची जनुकीय तपासणी व्हावी आणि ती सरकारी खर्चानं व्हावी. पटत नसेल तर मांडा.

खडीसाखर :
डॉक्टर, राग नाही, पण ऐका. दादा एकसष्ट वर्षांचा. ऑपरेशन झालं, मग म्हणाले जनुकं तपासायला मुंबईला ब्लॉक पाठवा. पाठवा म्हणजे काय, वहिनीच घेऊन गेली. झिपच्या पिशवीत गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा एवढासा ठोकळा, काडेपेटीपेक्षा लहान. मिरजेपासून तो तिनं मांडीवरच्या पर्समध्ये धरला, वर ठेवू देईना. पस्तीस हजार भरले. तीन आठवड्यांनी अठरा पानांचा रिपोर्ट आला, सगळा इंग्रजीत, आणि पहिल्याच पानावर की उपयोगी पडेल असा बदल सापडला नाही. उपचार तेच, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. दादा अकरा महिन्यांनी गेला. ते पस्तीस हजार वहिनीनं पतसंस्थेतून उचलले होते, हप्ते अजून चालू आहेत. तुमचं संशोधन मोठं असेल, पण ते आमच्या खिशातून का?

मापात पाप :
ताईंच्या मुद्द्यापुढे आकडे काढायला संकोच वाटतो, तरी माझी हरकत वेगळी आहे. कारणं शोधायला जनुकं लागतात हेच मला मान्य नाही. कारणं सापडतात नोंदवह्यांत.

इस्राएलमध्ये १९४८ ते १९६० या काळात डोक्यावरच्या गजकर्णासाठी दहा हजारांवर मुलांना क्ष-किरण दिले. पुढे कुणीतरी ती नावं कॅन्सरच्या नोंदणीशी जुळवली. १९८८ मध्ये छापून आलं की या मुलांत मेनिंजिओमाचा (मेंदूच्या आवरणावरच्या गाठीचा) धोका सुमारे साडेनऊपट. एकही जनुक न वाचता! आपल्याकडे तालुक्यातल्या पेशंटची धड नोंद होत नाही, आणि आपण सिक्वेन्सिंगची, जनुकं अक्षर-अक्षर वाचायची, स्वप्नं बघतोय.

दुसरं, तुमचा तो ‘सहापट’. सहापट कशाच्या? ग्लिओमा मुळातच दुर्मीळ. शिवाय हे अभ्यास बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले. सांगलीच्या माणसाला त्यातलं किती लागू पडतं?

नेटवर्क_गुल :
आमच्या गच्चीवर टॉवर आहे त्याचं कुणी बोलणार की नाही? डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, आयएआरसीनेच २०११ मध्ये मोबाइलच्या लहरींना ‘कॅन्सरकारक असू शकतात’ या गटात टाकलंय.

मापात पाप :
त्याच गटात त्यांनी कोरफडीचा अर्कही टाकलाय. २०१० चा तेरा देशांतला इंटरफोन अभ्यास काढून वाचा, आणि डब्ल्यूएचओने करवून घेतलेला २०२४ चा आढावाही. एकूणात मोबाइलशी संबंध दिसला नाही. टॉवरसाठी नवा धागा काढा, इथं नको.

सूक्ष्मदर्शी :
खडीसाखर ताई, तुमच्या रागाला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त कबुली आहे. पंचावन्नच्या पुढच्या माणसात ग्लिओब्लास्टोमाचं नेहमीचं चित्र असेल आणि आयडीएचचा साधा स्टेन (काचेवरच्या तुकड्याला रंग देऊन बदल दाखवणारी चाचणी) निगेटिव्ह आला, तर आयडीएचसाठी सिक्वेन्सिंग लागतच नाही. तो स्टेन दहातले नऊ बदल पकडतो आणि एनजीएसच्या, म्हणजे एकदम अनेक जनुकं वाचणाऱ्या सिक्वेन्सिंगच्या, मानानं किरकोळ खर्चात होतो. दादांच्या बाबतीत विचारण्याजोगी गोष्ट होती एमजीएमटीची. या जनुकावर मिथाइलचं कुलूप असेल, म्हणजे ते बंद असेल, तर टेमोझोलोमाइड जास्त लागू पडतं, हे २००५ पासून माहीत आहे. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, ते कुलूप पुष्कळ एनजीएस पॅनेलना दिसतच नाही. त्याची चाचणी वेगळी. म्हणजे अठरा पानांत हवं होतं तेच नसण्याची शक्यता आहे. तेव्हा ‘प्रत्येक गाठीची’ हे माझं वाक्य मी मागे घेतो. स्टेन प्रत्येकाचा, एमजीएमटी जिथं उपचार ठरतो तिथं, सिक्वेन्सिंग निवडकांचं.

पण ‘उपचार तेच’ हे सगळ्यांना लागू नाही. ग्रेड दोनच्या आयडीएचवाल्या गाठींसाठी व्होरासिडेनिब हे औषध आलं. ३३१ रुग्णांच्या चाचणीत गाठ पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ २७.७ महिने, नुसत्या औषध नसलेल्या गोळीवर ११.१. अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालं. भाव विचारू नका.

मापात पाप, आता तुमच्याकडे. प्रोजेस्टिनचं, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकासारख्या औषधांचं, काय कराल? मेनिंजिओमा बायकांत जास्त, त्याच्या पेशींत बहुधा प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर असतात. फ्रान्समध्ये दीर्घकाळ प्रोजेस्टिन घेतलेल्या बायकांच्या गाठी तपासल्या, तर एनएफ२ हे नेहमीचं जनुक मागे पडलेलं आणि पीआयके३सीए पुढे आलेलं. म्हणजे औषध आपली खूण गाठीत सोडून गेलं. अशी खूण तुमच्या नोंदवहीत कुठून येणार?

मापात पाप :
खूण छान आहे. पण संशय आधी कुठून आला? कोणती बाई काय औषध घेते हे लिहून ठेवलं होतं म्हणूनच ना? २०२४ चा फ्रान्सचाच अभ्यास घ्या. मेनिंजिओमाचं ऑपरेशन झालेल्या १८,०६१ बायका, प्रत्येकीमागे तुलनेला पाच. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या प्रोजेस्टिनच्या इंजेक्शनचा धोका साडेपाचपट निघाला. मथळे झाले. आत जाऊन बघा, ते इंजेक्शन घेतलेल्या बायका अठरा हजारांत फक्त नऊ! तुलनेच्या नव्वद हजारांत अकरा. कारण फ्रान्समध्ये ते फारसं कुणी घेतच नाही.

आणि आपल्याकडे? सरकारी ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन म्हणजे हेच औषध, दर तीन महिन्यांनी, फुकट, २०१७ पासून. या प्रश्नाचं पक्कं उत्तर जगात कुठं मिळायचं असेल तर ते आपल्या आरोग्य केंद्रांतल्या रजिस्टरांत मिळेल. सिक्वेन्सर नको, ती रजिस्टरं कॅन्सर नोंदणीशी जोडा.

गोदाकाठ :
इतके दिवस नुसती वाचत होते. मी एएनएम, आरोग्य केंद्रातली परिचारिका आहे, अंतराचं इंजेक्शन मीच देते. कार्डावर पुढची तारीख टाकून बाईच्या हातात ठेवते. बऱ्याच जणी ते कार्ड घरी नेत नाहीत, माझ्याच टेबलाच्या खणात ठेवतात, सासूला दिसू नये म्हणून. हे साडेपाचपट वाचून मी त्यांना काय सांगू?

सूक्ष्मदर्शी :
बंद करा असं अजिबात सांगू नका. धोका साडेपाचपट धरला तरी मुळातला आकडा फार लहान आहे, आणि नको असलेल्या बाळंतपणाचा धोका लहान नाही. मात्र पूर्वी मेनिंजिओमा झालेली बाई असेल तर तिला हे इंजेक्शन नको. वर्षानुवर्षं घेणारीची डोकेदुखी नवीन असेल, वाढत असेल किंवा नजर अधू होत असेल, तर ‘चष्म्याचा नंबर वाढला’ म्हणून सोडू नका, वरच्या दवाखान्यात पाठवा.

मापात पाप, अंतराच्या रजिस्टरांवर मी तुमच्या बाजूला आलो. पण ती जोडल्यावर ज्या गाठी सापडतील त्या माझ्याकडे द्या.

मापात पाप :
देतो. आधी रजिस्टर जोडायला सही कोण करतंय ते बघू.

खडीसाखर :
एक विचारू? दादाचा ब्लॉक वहिनीनं परत आणला होता. कपाटात आहे, साड्यांच्या खाली, त्याच पिशवीत. दोन उन्हाळे गेले. दादाची मुलगी परवा विचारत होती, आपल्यात आलंय का हे, म्हणून. त्यातून आता काही कळेल का?

सूक्ष्मदर्शी :
मेण पंचावन्न-साठ अंशांशिवाय वितळत नाही, कपाटात त्याला काही होत नाही. असे ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतात. पण भाचीच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ब्लॉकशिवायच मिळेल. घरात आणखी कुणाला कमी वयात कॅन्सर झालाय का, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असलेलं कुणी आहे का, एवढं मला निरोपातून कळवा. पैसे भरू नका.